डिझाइनसोबत कोडही उघडा ठेवा
मॅक्रोमीडियाने १९९७ साली आणलेल्या ड्रीमवीव्हरसारखं वेब पानं बनवायचं सॉफ्टवेअर शिकताना पडदा पहिल्यापासून दुभागून ठेवावा: एकीकडे डिझाइन, दुसरीकडे कोड. लेयर, म्हणजे मजकुराची सुटी चौकट, माउसने ओढून हवी तिथे ठेवली की कोडमध्ये ‘डावीकडून ४०० पिक्सेल’ अशा अर्थाची सूचना उमटते. संगणकावर चौकट चोख दिसते. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर मात्र ती थेट पडद्याबाहेर जाते. वेब पानाला कागदासारखं ठरावीक माप नसतं, हे इथे नीट कळतं. कोड टाळण्यासाठीच तर ही सॉफ्टवेअर निघाली, असं कुणी म्हणेल. टायपिंगचे कष्ट ती खरोखर वाचवतात, आणि नवख्याला तो मोठाच आधार आहे. पण अक्षरं नुसती मोठी, ठळक केली तर डोळ्यांना मथळा दिसतो. अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला मात्र तो साधा मजकूरच वाटतो. मथळ्याची ‘एच-वन’ खूण पडली की नाही, हे कोडमध्ये लगेच दिसतं.