इंधन कोयलीत बनतं, मग युद्ध पेटलं की लंडनचं तिकीट का महागतं?

नागरवाडा, रावपुरा, दांडियाबाजार. बडोद्याच्या या जुन्या भागांत मराठी घरं गायकवाडी काळापासूनची आहेत. आज त्यातल्या कितीतरी घरांतलं एक तरी माणूस लंडन, न्यू जर्सी, टोरांटो नाहीतर दुबईला आहे. कुणाची लेक शिकायला गेलीय, कुणाची सून बाळंतपणाला आली आहे आणि सासूबाईंना जायचंय. विमान पकडायला बहुतेक जण अहमदाबाद किंवा मुंबई गाठतात. आणि टीव्हीवर इराण, रशिया किंवा पाकिस्तानची बातमी आली की घरात पहिला प्रश्न येतो तो असा: "आपल्या तिकिटाचं काय होणार?"

या प्रश्नाला बडोद्यात एक जोडप्रश्नही आहे. नागरवाड्यापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर कोयलीची रिफायनरी आहे. तिथे पेट्रोल-डिझेलसोबत विमानाचं इंधनही तयार होतं. मग दूरच्या युद्धाने आपलं तिकीट का वाढावं? उत्तराचे दोन भाग आहेत. एक आकाशाचा, दुसरा तेलाचा.

आकाश बंद होतं म्हणजे काय होतं?

प्रत्येक देशाच्या डोक्यावरचं आकाश त्या देशाच्या मालकीचं असतं. तिथून जायला परवानगी लागते आणि भाडंही द्यावं लागतं. युद्ध पेटलं की कधी सुरक्षेसाठी, तर कधी शत्रूची अडचण करण्यासाठी हे आकाश बंद केलं जातं.

सुरक्षेचं कारण खोटं नाही. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारं मलेशियाचं प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, २९८ जण गेले. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेलं युक्रेनचं विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पडलं, १७६ जण गेले. दोन्ही विमानांतले प्रवासी आपल्यासारखेच सामान्य लोक होते, त्यांचा त्या लढाईशी काही संबंध नव्हता. त्यामुळे विमान परत फिरलं म्हणून कंपनीवर चिडण्याआधी हे दोन आकडे आठवावेत.

आपल्याला सगळ्यात जास्त बसतो तो पाकिस्तानच्या आकाशाचा फटका. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणारी जवळची वाट तिथूनच जाते. बालाकोटनंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत हे आकाश बंद होतं. त्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसला, असं सरकारने संसदेत सांगितलं होतं. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना बंदी घातली. ३० एप्रिलला भारतानेही त्यांच्या विमानांना बंदी घातली. मग ही बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली.

परिणाम लगेच दिसले. इंडिगोने अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणं थांबवली, कारण तिच्या लहान विमानांना वळसा घालून तिथवर पोचणंच जमेना. एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना इंधन भरायला व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा बंदच झाली. जुन्या विमानांच्या नूतनीकरणामुळे विमानं कमी पडतात, हे एक कारण कंपनीने दिलं; पाकिस्तानचं बंद आकाश हे दुसरं. बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज कंपनीने सरकारला कळवला होता.

पाकिस्तानचंही नुकसान झालंच. २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात आकाशभाड्याचे ४१० कोटी पाकिस्तानी रुपये बुडाले, असं त्यांच्याच सरकारने त्यांच्या संसदेत सांगितलं. तरीही बंदी उठली नाही, कारण अशा वेळी हिशेब पैशांचा नसतो.

एका तासाच्या वळशाची किंमत किती?

थोडं गणित करू. बोइंग ७७७ सारखं मोठं विमान तासाला साधारण सात टन इंधन जाळतं. म्हणजे पावणेनऊ हजार लिटरच्या आसपास. लिटरला ७० रुपये धरले तरी एका जादा तासाचे सहा लाखांच्या वर होतात. विमानात ३०० प्रवासी असतील तर माणशी दोन हजार रुपये, आणि हे फक्त इंधनाचे.

पण गोष्ट इथे थांबत नाही. लांब जायचं म्हणून जास्त इंधन भरलं की विमान जड होतं, आणि जड विमान जास्त इंधन पितं. लांबच्या प्रवासात जादा भरलेल्या इंधनाचा मोठा हिस्सा तेच इंधन वाहून नेण्यात खर्च होतो. वजनाची मर्यादा गाठली की काही सीट रिकाम्या ठेवाव्या लागतात किंवा माल उतरवावा लागतो. वैमानिकांच्या कामाचे तास ठरलेले असतात, ते उलटले तर दुसरी टीम लागते. आणि जे विमान दिवसाला एक फेरी वेळेत करत होतं त्याचं पुढचं वेळापत्रक घसरतं. एका तासाचा वळसा असा चार बाजूंनी खर्च वाढवतो.

एकाचं बंद आकाश, दुसऱ्याची चांदी

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने आपलं आकाश रशियाला बंद केलं, उत्तरादाखल रशियाने ३६ देशांच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्यांना सैबेरियाची जवळची वाट राहिली नाही. भारताने बंदी घातली नव्हती, त्यामुळे एअर इंडियाची विमानं रशियावरून जात राहिली आणि अमेरिकेच्या वाटेवर ती अमेरिकन कंपन्यांपेक्षा लवकर पोचू लागली. त्यालाही एक जोखीम होती. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगदान या दूरच्या गावी उतरलं आणि दुसरं विमान येईपर्यंत प्रवाशांना तिथेच मुक्काम करावा लागला.

२०२५ मध्ये फासा उलटला. पाकिस्तानची बंदी फक्त भारतीय विमानांना होती, परदेशी कंपन्या तिथून सरळ जात राहिल्या. म्हणून त्याच दिवशी, त्याच दिल्लीहून निघालेली दोन विमानं वेगवेगळ्या वेळात युरोपात पोचू लागली.

आखातातून जाणाऱ्यांचं काय?

बडोद्याचे अनेक प्रवासी अहमदाबादहून दुबई, दोहा किंवा अबुधाबीला जाऊन तिथून पुढचं विमान घेतात. ही वाट सोयीची, बऱ्याचदा स्वस्तही. पण जून २०२५ मध्ये तिचाही भरवसा गेला. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ले केले. आदल्याच दिवशी अहमदाबादला लंडनच्या विमानाची भीषण दुर्घटना झाली होती, गुजरातभर लोक सुन्न होते. त्यात पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं विमान काही तास हवेत राहून मुंबईलाच परतलं, कारण पुढे इराणचं आकाश बंद झालं होतं. २३ जूनला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली तेव्हा तर दोहासकट आखातातली आकाशंच काही तास बंद पडली. दोहाकडे निघालेली विमानं भलत्याच शहरांत उतरली.

देशातलं उड्डाणही सुटत नाही. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद होते. त्यात गुजरातचे भुज, जामनगर, राजकोटही होते.

आता तेलाचा भाग: कोयली जवळ, पण भाव दूरचा

कोयलीची गोष्ट मुळातच ऊर्जेच्या राजकारणाची आहे. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल सापडलं आणि सोव्हिएत रशियाच्या मदतीने कोयलीला रिफायनरी उभी राहिली. १९६५ मध्ये ती सुरू झाली. म्हणजे बडोद्याच्या उंबऱ्यावरचा हा कारखाना शीतयुद्धाच्या काळातल्या मैत्रीतून आलेला आहे. पण आज गुजरातच्या विहिरींचं तेल पुरत नाही. भारत आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. कोयलीलाही कच्छच्या आखाताच्या किनाऱ्यावर उतरलेलं आयात तेल पाइपलाइनने येतं.

दुसरी गोष्ट भावाची. विमान इंधनावरचं सरकारी भावनियंत्रण २००१ मध्ये उठलं. तेव्हापासून तेल कंपन्या आंतरराष्ट्रीय बाजारातला, मुख्यतः आखातातला भाव पाहून दर ठरवतात आणि सहसा दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात. कारण सरळ आहे: बाहेर जास्त भाव मिळत असेल तर इथे कमीत कोण विकेल? शेतात कांदा आपल्या गावचा असला तरी भाव लासलगावला ठरतो, तसंच हे.

म्हणून युद्ध झालं की भाव हलतो. युक्रेन युद्धाच्या वेळी जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीत किलोलिटरला सुमारे ७६ हजार रुपये असलेलं इंधन १६ जूनला १ लाख ४१ हजारांवर गेलं. भारतीय विमान कंपन्यांच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा ३० ते ४० टक्के असतो, म्हणजे हा धक्का किती मोठा होता ते लक्षात येईल. शिवाय जगातल्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो. ती बंद होण्याची नुसती शंका आली तरी भाव उसळतो.

रशियाचं तेल हा तिसरा धागा. युद्धाआधी भारताच्या आयातीत त्याचा वाटा नगण्य होता, नंतर तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला कारण ते सवलतीत मिळत होतं. त्यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं. युरोपने जुलैमध्ये गुजरातमधल्याच वाडिनारच्या नायरा रिफायनरीवर निर्बंध घातले. सवलतीच्या तेलाचा फायदा रिफायनरीच्या नफ्यात दिसतो. प्रवाशाच्या तिकिटात तो क्वचितच उतरतो, कारण इंधनाचा विक्रीदर आंतरराष्ट्रीय भावालाच बांधलेला असतो.

राज्य बदललं की कर बदलतो

विमान इंधन अजून जीएसटीत नाही. देशांतर्गत उड्डाणांच्या इंधनावर केंद्राचं ११ टक्के उत्पादन शुल्क आणि वर राज्याचा व्हॅट लागतो, तो प्रत्येक राज्यात वेगळा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. कर टक्क्यांत असल्याने युद्धाने भाव वाढला की कराची रक्कमही आपोआप वाढते. म्हणजे युद्धाचा भार प्रवाशावर दोनदा पडतो.

मग आपण काय करायचं?

युद्ध आपल्या हातात नाही, तिकीट मात्र आहे. या चार गोष्टी लक्षात ठेवा.

- मधे विमान बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. दोन कंपन्यांची दोन वेगळी स्वस्त तिकिटं घेतली आणि पहिलं विमान अडकलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.
- युद्धामुळे विमान रद्द झालं तर वेगळी नुकसानभरपाई सहसा मिळत नाही. पण पूर्ण परतावा किंवा पर्यायी विमान मागण्याचा हक्क राहतो.
- प्रवास विमा घेताना अटी वाचा. बहुतेक पॉलिसींत युद्धामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं.
- वयस्कर आई-वडील एकटे जात असतील तर दोन विमानांमध्ये वेळ जास्त ठेवा आणि चार-पाच दिवसांची औषधं हातातल्या पिशवीत द्या. वळलेलं विमान कुठे उतरेल ते सांगता येत नाही, आणि मोठी बॅग त्या वेळी हाताशी नसते.

पुढच्या वेळी युद्धाची बातमी आली की दोन गोष्टी बघा: कुणाचं आकाश बंद झालं, आणि कच्च्या तेलाचा भाव किती चढला. पहिल्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो, दुसऱ्याचा पुढच्या एक तारखेपासून. तिकीट आज काढायचं की थांबायचं, ते यावरून ठरवता येतं.