नाव न विचारणारी दिल्ली

नवी दिल्लीहून

ऑगस्ट २०१६. पश्चिम दिल्लीत सुभाषनगरजवळ पहाटे एका टेम्पोने रस्त्याकडेने चाललेल्या माणसाला उडवलं. रात्रपाळी संपवून तो घरी निघाला होता. टेम्पोवाला खाली उतरला, आपली गाडी पाहिली आणि निघून गेला. तासाहून जास्त वेळ जखमी तिथेच पडून होता. शेजारून गाड्या गेल्या, रिक्षा गेल्या, माणसं गेली. एक जण थांबला, तो जखमीचा मोबाइल उचलून घेऊन गेला. माणूस वाचला नाही. सीसीटीव्हीचं ते चित्रण देशभर दाखवलं गेलं आणि दिल्ली निष्ठुर आहे असं महाराष्ट्रात जे बोललं जातं त्याला पुरावाच मिळाला.

पण याच दिल्लीत मे-जूनच्या उन्हात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, तरुण पोरं रस्त्याच्या मधोमध उभी राहून बस अडवतात आणि खिडकीखिडकीतून दूध-सरबताचे गार पेले आत देतात. याला छबील म्हणतात. पाचवे गुरू अर्जनदेव यांना १६०६ मध्ये लाहोरला तापलेल्या तव्यावर बसवून, अंगावर तापलेली वाळू ओतून मारलं, अशी शीख परंपरा सांगते. त्यांच्या शहीदी दिवसाच्या आसपास दिल्लीभर छबिली लागतात. ज्यांच्या गुरूला उष्णतेने मारलं, ते लोक त्या आठवणीत रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही गारवा वाटतात. मला या शहरात यापेक्षा मोठं काही दिसलेलं नाही.

नांदेडच्या लंगरात जेवलेल्या वाचकाला हे अपरिचित नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीला पिठलं-भाकरी वाढणारी आपली गावंही हेच करतात. फरक आहे तो इतकाच, की गावाला येणारा कोण ते ठाऊक असतं. तो वारकरी असतो, माउली असतो. दिल्लीत समोरचा कोण, कुठला, हे कळायला मार्ग नसतो. इथे बहुतेक सगळेच बाहेरून आलेले. आणि लंगर कुणाला नाव, गाव, जात विचारत नाही. आज जिथे बंगला साहिब गुरुद्वारा आहे, तिथे राजा जयसिंगाच्या हवेलीत १६६४ साली आठवे गुरू हरकृष्ण उतरले होते. शहरात देवी आणि पटकीची साथ होती. रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच देवी झाल्या आणि वयाच्या आठव्या वर्षी ते गेले. आज तिथे अहोरात्र पंगती उठतात. कनॉट प्लेसमधला हमाल, परीक्षेला आलेला विद्यार्थी, परदेशी प्रवासी, सगळे एकाच चटईवर बसतात.

परक्याला आधार देणं या शहरात रोजच्या रोज पाहायचं असेल तर ‘एम्स’च्या बाहेर जावं. दरभंगा, बलिया, अलवर इथून आलेली कुटुंबं पुढच्या तारखेची वाट पाहत पदपथावर राहतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फायली असतात, शेजारी घडी केलेलं अंथरूण. संध्याकाळी एखादी गाडी येऊन थांबते, डिकी उघडते, आत कढी-चावल किंवा पुरी-भाजीचे टोप असतात. कुणाच्या मुलाचा वाढदिवस असतो, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी. ‘बैठ जाओ, सबको मिलेगा’ एवढंच बोलणं होतं. थंडीत रात्री उशिरा ब्लँकेट घेऊन येणारे वेगळे. काही दाते घेणाऱ्याचा फोटो काढतात, ते मला सहन होत नाही. रांगेतली बाई पदर चेहऱ्यावर ओढून हात पुढे करते, तेव्हा तरी फोन खाली ठेवायला हवा. एम्ससमोर माणसं उघड्यावर झोपतात हा सरकारचा दोष आहे आणि कढी-चावलाने तो झाकला जात नाही. पण त्या रात्री त्या कुटुंबाच्या पोटात अन्न जातं, आणि ते कुठल्याही सरकारच्या हातून गेलेलं नसतं.

पूर्व दिल्लीत लक्ष्मीनगरला २००८ मध्ये मेट्रोचा बांधकाम चालू असलेला पूल कोसळला. औषधाविना चाललेले जखमींचे हाल पाहून ओंकारनाथ शर्मा या निवृत्त गृहस्थांनी ठरवलं, की घरोघरी उरलेली औषधं मागायची. भगवा कुडता घालून, पायी आणि बसने, ते गल्लोगल्ली हाका देत फिरले. मिळालेली औषधं गरिबांच्या हाती पोचवू लागले. दिल्ली त्यांना ‘मेडिसिन बाबा’ म्हणते.

या औदार्याला जखमांचा इतिहास आहे. १९४७ मध्ये पंजाब सोडून निर्वासित म्हणून इथे आलेल्या समाजाने हे शहर पुन्हा उभं केलं. १९८४ च्या नोव्हेंबरात त्यातल्याच शीख समाजाची २,७३३ माणसं या शहरात मारली गेली, हा सरकारी आकडा. तरीही लंगर कुणासाठी बंद झाला नाही. फेब्रुवारी २०२० च्या दंगलीत गोकुलपुरीतल्या एका शीख बापलेकांनी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना मोटारसायकल आणि स्कूटरवरून फेऱ्या मारून सुरक्षित वस्तीत पोचवलं, काही मुलांच्या डोक्याला पगडी बांधून. बापाने १९८४ पाहिलेलं होतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत रुग्णालयांत प्राणवायू मिळेना, तेव्हा गाझियाबादच्या इंदिरापुरमच्या गुरुद्वाराबाहेर खालसा हेल्प इंटरनॅशनलने ‘ऑक्सिजन लंगर’ लावला. गाडीत, रिक्षात, खाटेवर तडफडणाऱ्या माणसाच्या तोंडाला नळी लावायची, श्वास आला की पुढचा. सीमापुरीत जितेंदरसिंग शंटी यांच्या शहीद भगतसिंग सेवा दलाने बेवारस ठरलेल्या मृतांना अग्नी दिला. घरचे लोक जवळ यायला घाबरत होते, तेव्हा हे परके पुढे झाले.

मग सुभाषनगरला ते का घडलं? माझं मत असं, की लोकांच्या काळजाला नव्हे, पोलिसांच्या चौकशीला त्याचं उत्तर द्यावं लागेल. जेवण देणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही. अपघातातल्या जखमीला उचलणाऱ्याला मात्र पहिला प्रश्न नावाचाच होता, मग ठाण्याचा, मग कोर्टाच्या तारखांचा. पीयूष तिवारी यांच्या शाळकरी चुलतभावाला २००७ मध्ये दिल्लीत गाडीने उडवलं. रस्त्यावर रक्त वाहत राहिलं, मदतीला कुणी आलं नाही. त्यातून तिवारी यांनी २००८ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन उभी केली. तिच्या २०१३ च्या पाहणीत चौघांतल्या जवळपास तिघांनी सांगितलं, की आपण जखमीला हात लावणार नाही. कारण त्यांना पोलिसांचा आणि खटल्याचा ससेमिरा नको होता.

याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं. सुभाषनगरचा अपघात त्यानंतर चारच महिन्यांनी झाला, म्हणजे नियम होता, पण रस्त्यावरच्या माणसाला तो माहीत नव्हता. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात हेच संरक्षण देणारं १३४-अ हे कलम आलं. दिल्ली सरकारने अपघातग्रस्तांवर मोफत उपचारांची आणि मदत करणाऱ्याला दोन हजार रुपये देण्याची ‘फरिश्ते’ योजना आणली. पैशापेक्षा नाव सांगण्याची सक्ती नसणं मला जास्त मोलाचं वाटतं.

हा कायदा महाराष्ट्रातही लागू आहे, म्हणून वाचकांना एवढं सांगणं आहे. रस्त्यात कुणी जखमी दिसला तर थांबा. ११२ किंवा १०८ ला फोन लावा, नाहीतर गाडीत घालून जवळच्या रुग्णालयात न्या. तिथे तुम्हाला कुणी अडकवून ठेवू शकत नाही, पैसे भरायला लावू शकत नाही. साक्ष द्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. नाव सांगायचं नसेल तर न सांगता तुम्ही परत येऊ शकता.