जुने ऑइल इंजिन : ओळख आणि दुरुस्ती

शेंदूरजनाघाटच्या संत्रापट्ट्यात विजेच्या मोटारींपूर्वी विहिरींवर चालणारी मंदगती ऑइल इंजिने आणि होडीच्या आत बसवली जाणारी सागरी इंजिने यांची मूळ घडण पुष्कळदा सारखीच असते. सागरी इंजिनाला मात्र होडी मागे घेण्यासाठी उलट गती देणारी गिअरपेटी जोडलेली असते. ओळख पटवताना रंगावर विसंबू नये, तर नेमप्लेटवरील क्रमांक, अश्वशक्ती व फेरे पाहावेत, कारण इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ५ अश्वशक्ती देणाऱ्या १९३०च्या सुमाराच्या नमुन्याच्या नकला भारतात अनेक कारखान्यांनी केल्या. दट्ट्या, म्हणजे सिलिंडरात वरखाली सरकणारा भाग, गंजून अडकला असल्यास हातोडा चालवणे हा निव्वळ अडाणीपणा होय. सिलिंडरात डिझेल ओतून ते काही दिवस मुरू द्यावे आणि मगच जड फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवावे. तेलाच्या वाटा साफ झाल्याखेरीज इंजिन सुरू करू नये.