बॉल बॅटला लागला, अंपायरला कळलं नाही. मग थांबायचं की निघायचं?

गल्ली क्रिकेटमध्ये अर्धी भांडणं एकाच वाक्यावरून होतात : 'बॅटला लागला होता!' तिथे ना अंपायर, ना रिप्ले. खरं काय ते फक्त बॅट्समनला माहीत असतं. मोठ्या क्रिकेटमध्येही हा प्रश्न सुटलेला नाही.

ब्रॉडने काय केलं?

२०१३ची ॲशेस, ट्रेंट ब्रिज. स्टुअर्ट ब्रॉडच्या बॅटची कड घेऊन बॉल स्लिपमध्ये मायकेल क्लार्ककडे गेला. अंपायर अलीम दार यांनी नॉट आऊट दिलं. ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यू उरला नव्हता आणि ब्रॉड जागचा हलला नाही. ही मॅच इंग्लंडने फक्त १४ रन्सनी जिंकली. ब्रॉडवर टीकेची झोड उठली.

नियम काय सांगतो?

कुणी अपील केल्याशिवाय अंपायर आऊट देत नाहीत. आपण आऊट आहोत हे माहीत असेल, तर बॅट्समन स्वतःहून निघून जाऊ शकतो. याला 'वॉक करणं' म्हणतात. पण तसं बंधन नाही. म्हणजे ब्रॉडने नियम मोडला नव्हता.

मग वॉक कोण करतं?

२००३च्या वर्ल्डकपची सेमीफायनल. श्रीलंकेविरुद्ध ॲडम गिलख्रिस्टला अंपायरनी नॉट आऊट ठरवलं, तरीही तो पॅव्हेलियनकडे निघाला. ऑस्ट्रेलियाने ती मॅच जिंकली आणि पुढे वर्ल्डकपही.

प्रामाणिकपणा महागात पडला तर?

त्यासाठी मुंबईत यावं लागेल. फेब्रुवारी १९८०, वानखेडे. बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची इंग्लंडविरुद्धची टेस्ट. इंग्लंडच्या ५ विकेट्स गेल्या असताना बॉब टेलरला कॅच आऊट देण्यात आलं. बॉल बॅटला लागलाच नाही, असं कॅप्टन गुंडप्पा विश्वनाथ यांना वाटलं. त्यांनी अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं. अपील असं मागे घेण्याची सोय नियमात आजही आहे, फक्त त्यासाठी अंपायरची संमती लागते.

पुढे टेलर आणि इयन बोथम यांनी १७१ रन्सची पार्टनरशिप केली. भारत १० विकेट्सनी हरला.

मग विश्वनाथ चुकले का?

स्कोअरबोर्ड पाहिला तर तसं वाटेल. पण त्या क्षणी पुढे काय होणार, हे त्यांना माहीत नव्हतं. समोरचा आऊट नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. गिलख्रिस्टलाही आपण जिंकणार याची खात्री नव्हती. निकाल पाहून प्रामाणिक राहायचं ठरवता येत नाही, ते आधीच ठरवावं लागतं.

दुकानदाराने चुकून १०० रुपये जास्त परत दिले आणि आपण गप्प बसलो, तर आपण खोटं बोललो का? नाही. पण ते पैसे आपले होते का?

ब्रॉडवर टीका करणं सोपं आहे. गल्लीतल्या पुढच्या मॅचमध्ये बॉल तुमच्या बॅटला लागला आणि कुणालाच कळलं नाही, तर तुम्ही काय कराल?