शेतजमिनीचा विभाग बदलताना

मंचरहून नारायणगावकडे पुणे-नाशिक रस्त्याने कधी गेला असाल, तर कडेच्या टोमॅटोच्या रानात पुढच्या खेपेस प्लॉट पाडलेले आपण पाहिले असतील. मालक म्हणतो, जमीन माझी. गावकरी म्हणतात, पोरं शाळेत जायची कशी? दोघांचंही खरं, म्हणूनच भांडण मिटत नाही.

प्रादेशिक योजनेतली शेतीविभागाची जमीन रहिवास विभागात घ्यायची, तर 1966 च्या नगररचना अधिनियमाचे 20 वे कलम लागते. शासन सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवते. पण राष्ट्रीय महामार्गावर गाडी आणण्याची वाट ही निराळी बाब. तिला 2002 च्या अधिनियमान्वये महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. एक कागद हाती आला म्हणजे दुसरा आलाच, असे समजू नये.

या वाटेचे एवढे काय? हिशेब करा. ताशी 80 किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला 22 मीटर तोडते. भरलेल्या ट्रॉलीला रस्ता ओलांडायला दहा सेकंद लागले, तर मोटार 220 मीटरांवरून दिसायला हवी. मध्ये वळण किंवा जाहिरातीचा फलक आला की झालेच!

तेव्हा हरकतीत ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहून थांबू नका. चावडीवर ओरडून तर मुळीच भागत नाही. वाट कोठे फुटते, कुठवरचे दिसते, सेवारस्ता कोण बांधणार, मुले कोठून ओलांडणार, हे मुदतीत लेखी द्या. गुरुजी, अंतर टेप घेऊन आपणच मोजा. मुलांना तिकडे नेऊ नका.