मंडईला जायचंय? कार की एसटी-मेट्रो, हिशोब समजून घ्या
पुणे : भोर, शिरवळकडून कारने मंडईला निघालं की खेड-शिवापूरचा टोल लागतोच. १५ ऑगस्ट २०२५ला फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० वेळा टोल ओलांडता येऊ लागला. म्हणजे दर खेपेला १५ रुपये. पण हा पास खासगी कार-जीपलाच, मालाच्या टेम्पोला नाही.

टोल स्वस्त झाला म्हणून कोंडी सुटत नाही, उलट गाड्या वाढतात. माल नसेल तर एसटीने स्वारगेट गाठा. सप्टेंबर २०२४पासून तिथून मेट्रोचं पुढचंच स्टेशन मंडई. एसटीत महिलांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. पार्किंग शोधायची कटकटही नाही. रस्ता मग टेम्पोवाल्या शेतकऱ्याला मोकळा मिळेल.