स्वच्छ पाणी आणि कावीळ

डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नाची वासना उडाली, की आपण म्हणतो कावीळ झाली. वास्तविक कावीळ हे रोगाचे नाव नसून लक्षण आहे. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते. यकृताला सूज आली म्हणजे ते रक्तातच साचते. ही सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी 'बी' आणि 'सी' मुख्यतः रक्तातून, दूषित सुईतून पसरतात. 'ए' आणि 'ई' रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात व अन्नात येतात. आपल्याकडील पाण्यातून येणाऱ्या मोठ्या साथी बहुधा 'ई'च्या असतात.

या 'ई'ची ओळख पटायला फार काळ लागला. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत, यमुनेचे पाणी जेथे शहरासाठी उचलत तेथे सांडपाणी शिरले. जलशुद्धीकरण केंद्राने तुरटी आणि क्लोरिन वाढवले. विषमज्वराची साथ आली नाही, म्हणजे जिवाणू मेले होते. पण विषाणू तगले, आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. हा 'ए'चाच प्रताप, असे त्या वेळी समजले गेले. सुदैवाने रोग्यांच्या रक्तद्रवाचे काही नमुने जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील डॉ. के. एम. पावरी व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर ते तपासले. १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: साथ 'ए'ची नव्हती, 'बी'चीही नव्हती. १९८१ मध्ये कोल्हापुरात आलेली साथही अशीच 'ना ए, ना बी' निघाली. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ बालायन यांनी रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन विषाणू शोधला (असले धाडस कोणी करू नये!). 'ई' हे नाव त्यानंतरचे.

नाव कळले तरी साथी थांबल्या नाहीत. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हजारो लोकांना कावीळ झाली, काही दगावले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत 'ई' फार घातक ठरतो. अशा रोग्यांत शेकडा वीसपर्यंत मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. विषाणू पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. आज डोळे पिवळे झाले तर दोष आजच्या पाण्याचा नव्हे, महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याचा. तोवर फुटलेला नळ दुरुस्तही झालेला असतो! शिवाय सौम्य कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून श्रेय मिळते ते गळ्यातल्या माळेला किंवा चुन्याच्या पाण्याने कावीळ 'उतरवणाऱ्या'ला.

पाणी दूषित होते तरी कसे? नळाला पाणी ठराविक वेळच येते. ते बंद झाले की नळी रिकामी होते आणि तिच्यातील दाब उतरतो. नळी गटारातून गेलेली आणि फुटकी असेल, तर गटाराचे पाणी आत ओढले जाते. विहिरीची तऱ्हा वेगळी. घिवली-तारापूरसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत जमीन जेथे रेताड असेल तेथे शोषखड्ड्यातले पाणी भराभर झिरपते. खड्डा विहिरीजवळ, वरच्या अंगाला असेल तर पाणी निवळशंख दिसूनही घातक असू शकते.

पाणी खळखळून उकळणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे त्याच्याच जोडीचे. 'ए' आणि 'बी'वर लस आहे. 'ई'ची लस चीनमध्ये निघाली असली तरी आपल्या लसीकरण कार्यक्रमात नाही. विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. ती टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी भरू नये. गढूळ पाण्यात क्लोरिन मातीवरच खर्ची पडतो, म्हणून पावडर टाकली एवढ्याने भागत नाही, क्लोरिन उरला की नाही हे पाहावे लागते. गावच्या जलसुरक्षकाकडे त्याची चाचणी असते. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले आणि पिवळी छटा आली, तर क्लोरिन शिल्लक आहे. शिक्षकांनी त्याला एकदा शाळेत बोलावून शाळेच्या टाकीचे पाणी मुलांसमोर तपासून घ्यावे. छटा आली नाही, तर पंचायतीला लगेच कळवावे आणि तोवर पाणी उकळूनच प्यावे.